फटफटीवरचा जुडगा

माझ्या थोरल्या काकांची मोटारसायकल ठरलेल्या ठिकाणीच बंद पडायची. कर्जतहून कोंडाण्याकडे जाणारा रस्ता त्या काळी नावालाच रस्ता होता. आधी खडी, मग माती, आणि आमच्या गावाच्या अलीकडे एक ओढा. पावसाळा सरला की ओढ्यात पाणी राहायचं नाही, गोटे तेवढे राहायचे. गाडी गोट्यांत शिरली की इंजिन गप्प. हीच गाडी डांबरी रस्त्यानं पार लोधिवलीपर्यंत जाऊन यायची, पण वाटेत एकदा शिंकायचीसुद्धा नाही.

ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. गावात तोवर सायकली होत्या, बैलगाड्या होत्या, पण फटफटी एकच, ती काकांची. जुनीच घेतलेली होती, पण तिचा थाट नव्या नवरीचा. काका भातशेतीवाले, तालेवार नव्हे पण खाऊनपिऊन सुखी. अंगात पांढरा सदरा, खाली पायजमा, डोक्याला टोपी, आणि बसायचे असे ताठ की मागून बघणाऱ्याला वाटावं, गाडी आपणहून चालली आहे आणि हे तिच्यावर देखरेख करायला बसलेत.

गाडीचं स्विच टाकीच्या खाली, डाव्या अंगाला होतं. किल्ली आडवी घालायची आणि उजवीकडे फिरवायची. त्या किल्लीला काकांनी घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा अडकवला होता. कोठीच्या खोलीची किल्ली, लाकडी पेटीची, फडताळाची, पंपाच्या खोपीची, शिवाय ज्यांची कुलपं कधीच हरवली होती अशा काही किल्ल्या. सगळ्या एका जाड लोखंडी कडीत. गाडी चालू असली की जुडगा काकांच्या डाव्या गुडघ्याखाली लोंबत असायचा. गाडीचा आवाज वळणावर ऐकू यायच्या आधी त्याची खळखळ ऐकू येते असं गावातले लोक म्हणत, ते अर्थात चेष्टेनं.

हा जुडगा आमच्या आजीच्या कमरेचा. आमच्याकडची रीत अशी, की सासू थकली की ती आपल्या हातानं जुडगा सुनेच्या कमरेला खोवते. त्या दिवसापासून घर सुनेचं. आजी थकायची वाट बघत बसली नाही. शेतावरून आली, पाणी मागितलं आणि गेली. तेराव्याला गोडाचं जेवण झालं, बायका भिंतीला टेकून बसल्या आणि सगळ्यांचे डोळे काकीकडे लागले. जुडगा देवघराच्या कोनाड्यात होता. काका उठले, त्यांनी तो उचलला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "मी बघतो."

बघतो म्हणजे काय, ते मग वर्षानुवर्षं काकीनं बघितलं. काका सकाळी कोठी उघडत, दिवसाचे तांदूळ, डाळ, गूळ मोजून बाहेर काढत, कुलूप लावत आणि फटफटीवर बसून निघून जात. मध्येच पाहुणा आला तर काकीनं पातेलं पदराखाली घेऊन शेजारी जायचं. घरात तांदळाच्या कणग्या भरलेल्या, आणि घरची बाई शेजारच्या दारात उभी. ती कुणापाशी रडगाणं गात नसे. शेजारणीनं विचारलंच, तर म्हणायची, "आमचं तांदूळ कर्जतला गेलंत गं. येतील सांजला."

हे ऐकून बायका हसायच्या. काकीही हसायची. मला मात्र त्या हसण्याचा संताप यायचा, आणि त्याहून जास्त काकांचा.

मी तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात वायरमन होतो. मोटारी, पॅनेल, स्टार्टर यांत दिवस जायचा. मोटारसायकल हा काही माझा विषय नव्हता, पण ज्यात वायर आहे ते सगळं मला येतं अशी घरच्यांची समजूत होती आणि ती मोडायची मला इच्छा नव्हती. कर्जतच्या मेकॅनिककडून काकांच्या गाडीचा प्लग बदलून झाला होता, कार्बोरेटर धुऊन झाला होता, कॉइल बदलून झाली होती. गाडी त्याच्याकडे नेली की पहिल्या किकला चालू व्हायची आणि घरी परतताना ओढ्यात बसायची. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "स्विचच काढून टाकतो, डायरेक्ट करतो." म्हणजे किल्लीची गरजच नको, किक मारली की चालू. काका भडकले. किल्ली नसलेली गाडी म्हणजे कुणीही यावं आणि घेऊन जावं. ते तिथून तडक निघाले आणि मला निरोप धाडला की सुट्टीला येशील तेव्हा हत्यारं घेऊन ये.

मी गेलो तो दिवस नेमका पाहुण्यांचा निघाला. काकांची मुलगी लोधिवलीला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते आणि तिची सासू तिला बाळंतपणासाठी माहेरी सोडायला येणार होती. त्या संध्याकाळी येतील अशी काकांची समजूत होती. म्हणून ते सकाळीच कर्जतला मिठाई आणायला गेले होते. जाताना त्यांनी नेहमीसारखं दोन माणसांचं काढून ठेवलं होतं. पाहुणे आले ते ऐन जेवणाच्या वेळेला.

माझी चुलत बहीण बैलगाडीतून सावकाश उतरली, मागून तिची सासू, दीर, आणखी दोघं. काकीनं पायावर पाणी दिलं, ओटीवर घोंगडी टाकली, तांब्याभांडं ठेवलं. मग ती आत आली आणि कोठीच्या दारासमोर उभी राहिली. मी तिथेच होतो. कुलूप होतं भलं दांडगं, पण कडी-कोयंडा साध्या स्क्रूंवर बसवलेला. माझी हत्यारांची पिशवी खांद्यालाच होती.

"काकी, कोयंडा काढतो," मी म्हणालो. "कुलपाला हात लावायला नको. परत बसवून देतो, कळणार पण नाही."

"नको."

"अगं, बाहेर विहीणबाई बसल्यात."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "घरफोडी करून मला घरवाली नाय व्हायचं. हातात येईल तेव्हा घेईन."

तिनं पातेलं उचललं. मागचं दार वापरता आलं असतं, पण तिकडे म्हैस व्यायला टेकली होती आणि माणूस बघितला की शिंगं उगारत होती. त्यामुळे काकीला पुढून, ओटीवरूनच जावं लागलं. विहीणबाईंची नजर पदराखालच्या पातेल्यावर गेलीच.

"काय विहीणबाई, तांदूळ संपलं काय?"

"संपलं नाय," काकी म्हणाली. "फिराय गेलंत."

विहीणबाईंना ते कळलं नाही. माझ्या बहिणीला कळलं. ती खाली मान घालून पदराच्या टोकाला गाठी मारत बसली. पाहुण्यांचं जेवण शेजाऱ्यांच्या तांदळावर झालं, आणि ताटं उचलायच्या वेळेला काका गाडी ढकलत अंगणात आले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, एका हातात मिठाईचा पुडा, आणि जुडगा दुसऱ्या हातात. गाडी ढकलतानासुद्धा जुडगा हातात. हे मला त्या वेळी नुसतं दिसलं. त्याचा अर्थ मागाहून लागला.

पाहुणे चहा घेऊन गेले. बहीण राहिली. मी खोपोलीला निरोप पाठवून मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना म्हटलं, "आधी मला मागे बसवा आणि ओढ्यापर्यंत चला. कुठे बंद पडते ते बघू."

"बघायचं काय त्यात? वड्यात पडते."

"कशी पडते ते बघायचंय."

निघालो. मी मागे बसून डावीकडे वाकून स्विचवर नजर ठेवली. मातीच्या रस्त्यावर जुडगा मागेपुढे हलत होता. ओढ्यात शिरलो, पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं, गाडीला हिसका बसला. जुडगा उसळला, खाली आदळला, आणि त्याच्या वजनानं किल्ली जराशी मागे फिरली. इंजिन बंद. मी काही बोलायच्या आत काकांनी पाय टेकला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर किल्ली पुरती मागे फिरवून जुडगा काढून मुठीत धरला. ओढ्यात चिटपाखरू नव्हतं. पलीकडे एक बगळा होता, तो काही आमची कोठी लुटणार नव्हता.

म्हणजे किल्ली आपोआप फिरली होती हे कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. गाडी थांबली की जुडगा हातात, ही काकांची सवय. पुन्हा किल्ली घालून नीट फिरवून किक मारली तर गाडी चालूही झाली असती. पण गोट्यांत डुगडुगणाऱ्या गाडीवर जुडगा ती किल्ली परत मागे ओढायचा, तोवर किक मारमारून त्यांनी इंजिनात पेट्रोल भरून ठेवलेलं असायचं आणि मग ती ढकलत आणावी लागायची. मला एकदम हसू आलं. काकांना ते आवडलं नाही.

घरी येऊन मी ओटीवर पोतं अंथरलं आणि स्विच सोडवलं. आत फार काही नसतं. एक पितळी पत्री, म्हणजे पातळ पट्टी, ती फिरून दोन टोकं जोडते. किल्ली ज्या जागी थांबते तिथे एक बारीक छर्रा, मागे स्प्रिंग. छर्रा खाचेत बसला की किल्ली तिथेच राहते. या स्विचातला छर्रा एका अंगानं झिजला होता, खाच गुळगुळीत झाली होती, पत्री एका बाजूला कलली होती. काकी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बघायला आली.

"हे असं एकाच अंगानं झिजतं?" तिनं विचारलं.

"सारखं कुणीतरी खाली ओढत असलं की झिजतं."

"मंजी बघ. पायजम्यावर बी एकाच जागी काळा डाग पडतो, डाव्या गुडघ्याखाली. घासून घासून माझी बोटं गेली. म्हटलं, गाडीचं तेल असेल." ती जुडग्याकडे बघून थांबली आणि आत गेली.

सायकलच्या दुकानातून आणलेले छर्रे माझ्या पिशवीत होते. त्यातला मापाचा बघून घातला, स्प्रिंग ताणून कडक केली, खाच कानशीनं खोल केली, पत्री सरळ करून पॉलिश पेपरनं चकचकीत केली, सगळं पेट्रोलनं धुऊन परत बसवलं. काका समोर खुर्ची टाकून बसले होते. काम होईपर्यंत जुडगा त्यांच्या मांडीवर होता. किल्ली फिरवली तशी खट्ट करून जागी बसली.

"झालं," काका खूश झाले.

"नाही झालं," मी म्हणालो. "हे चारसहा महिने चालेल. मग परत झिजेल. जुडगा काढा. स्विचमध्ये फक्त गाडीची किल्ली पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना डोक्यावरचं छप्पर काढायला सांगितलं होतं. पण गाडीवर जीव होता. त्यांनी बराच वेळ खटपट करून कडी फाकवली, गाडीची किल्ली वेगळी केली आणि उरलेला जुडगा सदऱ्याच्या खिशात टाकून ओढ्यापर्यंत चक्कर मारून आले. गाडी एकदाही थांबली नाही. पण खिसा उसवून लोंबायला लागला होता. मग जुडगा हँडलला दोरीनं बांधला, तर त्यानं टाकीवर ओरखडे काढले. टाकीच्या रंगाचे हाल बघून त्यांचा जीव तुटला. मग जुडगा बाजूच्या डब्यात, पाने आणि प्लग यांच्यासोबत. आता गाडीतून असा आवाज यायला लागला, की भांडीवाला गावात शिरलाय असं वाटून दोघी जणी जुने कपडे घेऊन दारात आल्या.

ते परत अंगणात आले तेव्हा माझा धीर सुटला होता. "काका, घरात माणसं आहेत. काकीकडे द्या ना."

माझी बहीण दारात उभी होती. काकी तिच्या मागे. काका गाडीवरून उतरले नाहीत. हँडलच्या कुठल्याशा तारेकडे बघत म्हणाले, "आयनं चावी दिली नाय तिला. आयनं दिली असती तर गोष्ट येगळी. मी कोण देणार?"

त्यांचा आवाज मऊ झाला होता. मी त्यांना इतकी वर्षं कवडीचुंबक समजत होतो. ते तसे होतेही थोडे. पण सासूनं सुनेच्या कमरेला खोवायची वस्तू पुरुषानं कशी द्यायची, हे त्यांना खरोखर कळलेलं नव्हतं, आणि आईच्या कमरेचं ते वजन खाली ठेवायला त्यांचं मन होत नव्हतं. माझा राग पुरता गेला नाही, पण त्याची धार गेली.

काकांनी जुडगा नेऊन ओटीवरच्या खुंटीला अडकवला. "ऱ्हाऊ दे हितं. लागंल तेव्हा घ्या."

काकी हलली नाही. "खुंटीवरची चावी चोराला बी मिळते," ती म्हणाली. "मी घेनार नाय."

आता आली का पंचाईत. काका देऊ शकत नव्हते आणि काकी उचलायला तयार नव्हती. चूल पेटलेली, आणि सकाळी गाडीच्या नादात डाळतांदळासाठी कोठी उघडायचीच राहिलेली. मी हत्यारं पिशवीत भरायच्या निमित्तानं खाली बघत राहिलो.

माझी बहीण पुढे झाली. पोट सावरत टाचा उंचावून तिनं खुंटीवरून जुडगा काढला. आईपाशी गेली आणि तिच्या कमरेला, डाव्या अंगाला, घट्ट खोवला. "आजी नाय तर मी," ती म्हणाली. "माझ्या पोटात उद्याचं मानूस हाय. त्याला चालंल."

ही कुठलीच रीत नव्हती. लेकीनं आईला जुडगा देणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. काकीनं कमरेला हात लावला, जुडगा चाचपला आणि सरळ कोठीपाशी गेली. इतक्या वर्षांत कुलूप तिनं एकदाही उघडलेलं नव्हतं. पहिलीच किल्ली तिनं बरोबर निवडली.

काका अंगणात फडक्यानं गाडी पुसत होते. पुसलेलीच टाकी परत पुसत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मी दुपारच्या एसटीनं खोपोलीला परतलो. पुढे बहिणीला मुलगी झाली. बारशाला गेलो तेव्हा काका अंगणात गाडीशी उभे होते. त्या गाडीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागायचं. ऑइलचा डबा कुणी हात लावू नये म्हणून काकांनीच पूर्वीपासून कोठीत, कुलपाच्या आत, ठेवलेला. बाळासाठी पाळण्याची दोरी आणायला त्यांना कर्जतला जायचं होतं.

"कोठी उघड गं जरा," त्यांनी दारातून हाक दिली. "तेल पायजे गाडीला."

"हात पिठात हायत माझे," आतून काकी म्हणाली. "भाकरी होऊ देत. बसा."

काका पायरीवर बसले. मी शेजारी टेकलो. त्यांच्या हातात गाडीची एकटी किल्ली होती. ती त्यांनी तळव्यावर ठेवली, हात जरा वरखाली करून बघितला.

"वजनच लागत नाय रं हाताला," ते म्हणाले.

आत जुडग्याचा आवाज झाला, पण तो चुलीकडून पाण्याच्या हंड्याकडे गेला. काका अर्धवट उठले होते, ते परत खाली बसले.